तयारी मी थांबवली आहे, घरात मात्र ती अजून चालूच आहे

सुदामानगरची (प्रश्न)

नमस्कार. मी इथे आजवर केवळ वाचत आले आहे. हा प्रश्न घरचा आहे, आणि इंदुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत तो काढला तर संध्याकाळच्या आत आईच्या कानावर जाईल, म्हणून इथे विचारते आहे.

बी. कॉम. झाल्यापासून मी मध्य प्रदेशच्या राज्य सेवा परीक्षेची तयारी करत होते. प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, एकाहून अधिक वेळा निघाली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले, पण अंतिम यादीत नाव आले नाही. आता माझे वय तिशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी मी मनाशी ठरवले की पुरे झाले, आणि सियागंजाजवळच्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरी धरली. घरी या नोकरीला ‘तयारीच्या जोडीला काहीतरी’ एवढेच स्थान आहे. हळदीकुंकवाला कोणी विचारले की आई अजूनही ‘तयारी चालू आहे हो तिची’ असे सांगते, आणि मी शेजारी उभी राहून ते खोडून काढत नाही.

बाबा राज्य शासनाच्या एका खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. पणजोबा होळकर दरबारच्या महसूल खात्यात होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, तरी आमच्या घरात सरकारी चाकरीचा मान कमी झाला नाही. बाबांची उमेदीची वर्षे साहेबांच्या टेबलासमोर फाइल घेऊन उभे राहण्यात गेली आणि आपली मुलगी त्या टेबलाच्या पलीकडे बसावी, ही त्यांची इच्छा आहे. इच्छेत वाईट काही नाही. ती मनात वागवणे मला विसाव्या वर्षी जेवढे सुखाचे वाटत होते तेवढे आता वाटत नाही, एवढेच.

मी एकुलती एक. ‘आमची मुलगी म्हणजे मुलगाच’ हे वाक्य ऐकत मी वाढले. पाहुणे आले तरी मला अभ्यासावरून कोणी उठवले नाही, चार पोळ्या लाटायला कोणी सांगितले नाही, सांगून आलेली स्थळे बाबांनी ‘आधी सिलेक्शन’ म्हणून दारातूनच परत पाठवली आणि त्यावरून सख्ख्या आत्याशी अबोला धरला. मैत्रिणींना हेवा वाटावा अशी ही मोकळीक होती. ती मला घरची मुलगी म्हणून मिळालेली नव्हती, होऊ घातलेली उपजिल्हाधिकारी म्हणून मिळालेली होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. तयारी संपली असे मी ज्या दिवशी तोंडाने म्हणेन, त्या दिवशी ती मोकळीकही संपेल आणि बायोडाटा छापायला जाईल, याची मला खात्री आहे. अधिकारी आणि सून या दोहोंच्या मध्ये आमच्या घरात मुलीला बसायला जागा नाही.

भरीला शहरही आहे. इथे मुलीच्या कौतुकाचा कोणताही कार्यक्रम अहिल्यादेवींचे नाव घेतल्यावाचून पुरा होत नाही, आणि एखादे काका हमखास उठून सुमित्राताई महाजनांचा दाखला देतात, की चिपळूणची मुलगी सून म्हणून इथे आली, आठ वेळा खासदार झाली, लोकसभेची अध्यक्ष झाली, मग तू तर इथलीच. दोघींविषयीही मला आदर आहे. पण त्यांच्या फोटोखाली उभे राहून ‘मला एवढे मोठे व्हायचे नाही’ असे कसे म्हणायचे, ते मला कळत नाही.

आता नोकरीविषयी. तिथे मी जीएसटीची विवरणपत्रे भरते. गिऱ्हाईक बहुतेक किराण्याचे आणि मसाल्याचे व्यापारी. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण, १४ ला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा उतारा, आला की खरेदीशी ताळा, २० ला कर भरून ३बी हे महिन्याचे विवरणपत्र. मागच्या महिन्यात एका जिऱ्याच्या व्यापाऱ्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जुळेना. दोन दुपारी बिले चाळल्यावर सापडले, की पुरवठादाराच्या मुनीमाने आमचे बिल तशाच नावाच्या दुसऱ्या पेढीच्या क्रमांकावर चढवले होते. पुढच्या विवरणपत्रात त्याच्याकडून दुरुस्ती करून घेतली. सांगायला यात काही नाही, पण मला फार बरे वाटले. काम २० तारखेला संपते, आणि संपले की ते झालेले असते. इतक्या वर्षांत माझे कोणतेही काम असे संपले नव्हते. बाबांना हे सांगायला गेले तर त्यांनी एवढेच म्हटले, ‘म्हणजे कारकुनीच. ती मी केली, ती तुला करावी लागू नये म्हणून.’

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दरवर्षीप्रमाणे नवी जाहिरात आली की बाबा फॉर्म भरायला सांगतील. त्याआधी त्यांना कसे सांगावे? आणि दुसरी गोष्ट, जी मला अधिक अवघड वाटते: त्यांनी उद्या मान्य केले, तरी मी स्वतःला मान्य आहे का? अजूनही भंवरकुआँ चौराहा टाळून मी लांबच्या रस्त्याने जाते, कारण तिथल्या क्लासच्या फलकांवर माझ्याबरोबर लायब्ररीत बसणाऱ्या मुलींचे फोटो असतात. प्रत्येक निकालाची यादी मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचते. कार्यालयात कोणी कामाची वाखाणणी केली की वाटते, ही शाबासकी आपल्या उरल्यासुरल्याला मिळाली. रात्री झोप लागत नाही. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून माझ्या क्लासची फी भरली होती, तो आकडा तेव्हा डोळ्यांसमोर येतो.

तापीकाठ

ताई, मी त्याच परीक्षेतून निवड झालेली आहे, म्हणून लिहिते. तुम्हाला वाटते तशी सुटका पलीकडच्या बाजूलाही नाही, हे कोणीतरी सांगायला हवे.

माझे पद नायब तहसीलदाराचे. यादी लागली त्या संध्याकाळी घरात पेढे वाटले गेले, आणि रात्री जेवताना वडील म्हणाले, ‘आता रुजू हो, आणि पुढच्या वेळी रँक सुधार.’ पुढे मी नोकरी सांभाळून पुन्हा परीक्षा दिली. माझी हौस म्हणून नव्हे. ‘नायब’ हा शब्द वडिलांना सांगताना जड जात होता म्हणून. ते लोकांना ‘तहसीलमध्ये अधिकारी आहे’ असे सांगतात. तुमच्या आई जे हळदीकुंकवाला करतात, तेच माझे वडील माझी निवड झालेली असताना करतात. यादीत नाव आले म्हणजे स्वतःविषयीचा प्रश्न मिटेल, ही समजूत मी यादीत नाव आल्यावर सोडली.

दुसरे, या परीक्षेच्या निकालावरून स्वतःची किंमत ठरवण्याआधी ती परीक्षा गेल्या काही वर्षांत कशी चालली आहे, तेही पाहा. २०१९ च्या परीक्षेची प्री जानेवारी २०२० मध्ये झाली आणि अंतिम यादी लागली ती डिसेंबर २०२३ च्या अखेरीस. मध्ये आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, नियम बदलले, निकाल नव्याने लावावे लागले, आणि तेव्हापासून ८७ टक्के जागांचा निकाल लावायचा व वादातल्या १३ टक्के जागांचा राखून ठेवायचा, अशी पद्धत पडली. २०१९ च्या परीक्षेला पाचशेहून अधिक जागा होत्या. २०२४ च्या परीक्षेला ११०, आणि अर्ज लाखाच्या वर. डिसेंबर २०२४ मध्ये मुलेमुली लोकसेवा आयोगाच्या दारात थंडीत रात्रंदिवस बसली होती, ती यासाठीच. मुलाखतीपर्यंत जाऊन यादीबाहेर राहिलेल्या आणि यादीत शेवटी आलेल्या उमेदवारांत जे अंतर असते, ते काही गुणांचे असते, आणि त्या काही गुणांच्या जोरावर एकीचा फोटो चौराह्यावर लागतो. तो फोटो पाहून रस्ता बदलावा इतके त्याचे वजन नाही. फोटोतल्या मुलीलाही ते ठाऊक असते.

जीएसटीचे तुमचे काम मला आवडले. आमच्याकडे फाइल संपत नाही, ती पुढे पाठवली जाते.

स्पष्टवक्ता इंदूर

वरील दोघींचे म्हणणे वाचले. माझे मत वेगळे आहे. जी मुलगी मुलाखतीपर्यंत जाते तिच्यात कुवत आहे हे उघड आहे, आणि खुल्या वर्गाला वयाची मर्यादा ४० असली तरी मध्य प्रदेशातल्या स्त्रियांना ती ४५ पर्यंत मिळते. सरकारने जी सवलत दिली आहे ती वापरायची नाही आणि ‘मी स्वतःला स्वीकारते’ असे म्हणायचे, यात मला पळवाट दिसते. वडिलांनी पैसे घातले, समाजाशी वैर घेतले, मुलीला मुलासारखे वाढवले. अशा बापाला ‘तुमची अपेक्षा मला जड होते’ असे सांगणे सोपे आहे. अजून दोन वर्षे नेटाने द्या, नोकरी सोडा, मग बघा.

सुदामानगरची

स्पष्टवक्ता, तुमचा प्रतिसाद बाबांनी लिहिला असता तर शब्दही बहुधा हेच आले असते, त्यामुळे उत्तर देणे सरावासाठी उपयोगी आहे.

४५ ची सवलत ज्या स्त्रियांना मुले, सासर, शेती सांभाळून उशिरा परीक्षा द्यावी लागते त्यांच्यासाठी मोलाची आहे आणि ती राहावी. माझ्या घरात मात्र तिचा अर्थ असा झाला आहे, की पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला ‘नाही’ म्हणण्याचे कारण उरलेले नाही. दर वेळी कोणीतरी ‘अजून वेळ आहे’ म्हणते आणि ते खरेही असते. ज्या परीक्षेला शेवटचा दिवस नाही, तिच्यातून बाहेर पडण्याचा दिवस उमेदवारालाच ठरवावा लागतो. तो मी ठरवला आहे. माझी कुवत नाही असे मी म्हटलेले नाही, आणि आहे असे सिद्ध करण्यासाठी मी परत बसणार नाही.

मुलासारखे वाढवले, या शब्दांना आता माझी हरकत आहे. मुलीसारखे वाढवले असते आणि तरीही अभ्यास करू दिला असता, तर मी आज कमी घाबरले असते.

लष्करच्या काकू

मी ग्वाल्हेरची, दोन मुलींची आई, वयाने तुझ्या आईच्या आसपास. तू म्हटले तर चालेल ना?

इथे सगळे तुझ्या बाबांविषयी बोलत आहेत. मला तुझ्या आईविषयी बोलायचे आहे. हळदीकुंकवाला ‘तयारी चालू आहे’ असे जी बाई सांगते, ती प्रत्येक वेळी अपेक्षेपोटीच सांगते असे समजू नकोस. तिथे बसलेल्या वीस बायकांपैकी कोणी ना कोणी ‘मग लग्नाचं काय?’ हा पुढचा प्रश्न ओठांवर घेऊनच बसलेली असते, आणि ‘तयारी’ हा शब्द तो प्रश्न अडवतो. तुझी आई इतकी वर्षे तुझ्यासाठीच ती ढाल धरून उभी असेल, आणि तिच्या हातून ती काढून घ्यायची तर दुसरे काहीतरी तिच्या हातात द्यावे लागेल.

तेव्हा बाबांच्या आधी तिला सांग, आणि नुसते ‘मी तयारी सोडली’ एवढेच सांगू नकोस. बायकांत बोलायला तिला एक पुरे वाक्य दे. ‘ती करसल्लागाराकडे काम करते, व्यापाऱ्यांची जीएसटीची खाती सांभाळते, कामात पक्की आहे.’ यात खोटे एक अक्षर नाही. दोनचार वेळा तोंडून गेले की ते तिलाच खरे वाटू लागेल. आमच्याकडे माझ्या पुतणीने गाणे सोडले तेव्हा हेच झाले. ग्वाल्हेरात, त्यातून आमच्यासारख्या घरात, मुलीने माधव संगीत महाविद्यालयातून बाहेर पडून बेकरी काढली, हे सांगायला जाऊबाईंना वाक्यच सापडत नव्हते. कोणी विचारले की त्या ‘सध्या रियाज कमी आहे’ म्हणत. शेवटी पुतणीनेच त्यांना शिकवले, की ‘आठ माणसांना पगार देते’ असे सांगत जा. आता त्या विचारण्याची वाट पाहत नाहीत, आपण होऊन सांगतात आणि वर नानकटाई खायला घालतात. पुतणी अजूनही छान गाते, कोणी पंक्तीत आग्रह केला तर टप्पाही ऐकवते. गायिका व्हायचे तिने सोडले, गाणे नव्हे.

लग्नाचा विषय मात्र वेगळा काढून ठेव. तयारी थांबवल्याच्या बदल्यात लग्न, असा सौदा तुझ्या बोलण्यातून चुकूनही ध्वनित होऊ देऊ नकोस. तुला लग्न करायचे असेल तर कर, नसेल तर नको, पण ते परीक्षेच्या जागी भरपाई म्हणून येता कामा नये. आईला हे पहिल्याच बैठकीत सांग, कारण पहिल्या बैठकीत जे राहते ते पुढे वर्षभर बोलता येत नाही.

स्पष्टवक्ता, तुमच्या घरी मुली आहेत की मुलगे? उत्तर नाही दिले तरी चालेल.

दांडिया बाजार, बडोदे

मी समुपदेशनाचे काम करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे इथे अजून कोणी नीट वळलेले नाही, आणि तुम्ही स्वतः तोच अवघड म्हटला आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि जी मराठीत कि. मो. फडके यांनी आयुष्यभर खपून रुजवली, तिच्यात एक भेद फार काटेकोरपणे केला आहे. स्वतःविषयी चांगले वाटणे आणि स्वतःचा स्वीकार करणे, या एलिसच्या मते दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगले वाटणे कशावर तरी टेकलेले असते: गुणांवर, पदावर, दिसण्यावर, लोकांच्या कौतुकावर. टेकू निघाला की ते खाली येते. स्वीकार बिनशर्त असतो, म्हणजे त्याला कोणताच टेकू लागत नाही. माझे एखादे काम बरे झाले किंवा फसले, असे मी जरूर म्हणावे, पण त्यावरून ‘मी’ बरी की वाईट असा निकाल लावू नये, कारण एका माणसाच्या हजार वागण्याबोलण्याची बेरीज करून एक आकडा काढता येत नाही.

हे वाचायला सोपे आहे. तुमच्या लिहिण्यात ते कुठे अडते ते दाखवतो. तुम्ही जिऱ्याच्या व्यापाऱ्याचे बिल शोधून काढल्याचे इतक्या आपुलकीने सांगितले आहे, की वाचणाऱ्याला वाटावे, झाले, हिला हिचे काम सापडले. मला तिथेच थोडी काळजी वाटली. उद्या तुमच्या हातून एखाद्या विवरणपत्रात घोटाळा झाला, दंड बसला, मालक चिडले, तर? जो न्याय तुम्ही राज्य सेवेच्या निकालाला लावला तोच इथे लावाल, आणि पुन्हा तुम्हीच नापास ठराल. परीक्षेच्या जागी नोकरी ठेवून स्वतःला गुण देणे चालूच राहिले, तर खुर्ची बदलली, परीक्षक तोच राहिला. नोकरी आवडते, हे उत्तमच आहे. पण ती तुमच्या बाजूने साक्ष द्यायला उभी करू नका. तुम्हाला साक्षीदाराची गरज नाही.

म्हणून बाबांशी बोलताना ‘हे कामही मोठे आहे, यातही भविष्य आहे, उद्या मी स्वतःचे कार्यालय काढीन’ असल्या युक्तिवादात शिरू नका. तो मोह होईल, कारण बाबा ‘कारकुनी’ म्हणाले हे लागले आहे. युक्तिवादात शिरलात की नवे लक्ष्य तुम्हीच त्यांच्या हाती द्याल, आणि वर्षभराने ‘कार्यालय कधी?’ असे विचारले जाईल. साधे वाक्य पुरेल: हे काम मला जमते, आवडते आणि मी ते करणार आहे. बाबा निराश होतील. त्यांना निराश होऊ द्या. त्यांची निराशा दूर करणे हे तुमचे काम नाही, तशीच ती खोटी आहे असे सिद्ध करणे हेही नाही. त्यांनी एका गोष्टीची मनापासून इच्छा केली आणि ती पुरी झाली नाही. याचे दुःख करण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि ते दुःख करत असताना तुम्ही त्याच घरात शांतपणे चहा पिऊ शकता.

यादी वाचणे एका दिवसात सुटणार नाही. सोडण्याचा संकल्प वगैरे करू नका, तो मोडला की आणखी एक नापासाचा शेरा. वाचावीशी वाटली तर वाचा, पण त्या वेळी मनात नेमके कोणते वाक्य येते ते कागदावर उतरवा. ‘मीही यात असायला हवी होते’ असे असेल तर ते दुःख आहे, ते असू द्यावे. ‘यात नाही म्हणजे मी फुकट गेले’ असे असेल तर ते दुःख नाही, तो निकाल आहे, आणि तो लावायचा अधिकार तुम्ही कोणाला दिला, हे स्वतःला विचारा. दोन्ही वाक्ये एकाच वेळी, एकाच आवाजात येतात. लिहिल्याशिवाय वेगळी दिसत नाहीत.

झोपेचे मात्र लांबणीवर टाकू नका. काही आठवडे झोप लागत नसेल, भूक किंवा कामातला रस उडाला असेल, तर प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटा. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास चालते, हिंदीतून बोलता येते, घरात कोणाला सांगावे लागत नाही.

सुदामानगरची

काकू, तुम्ही मला ‘तू’च म्हणा. दांडिया बाजार, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतला. नोकरीला साक्षीला उभे करू नका, हे वाक्य वाचून मी आधी रागावले आणि मग कालच सहकारी मैत्रिणीशी काय बोलत होते ते आठवले. मी तिला कार्यालय काढण्याविषयीच सांगत होते.

एक राहिले. निधीतून काढलेल्या पैशांचे काय करावे? पगारातून दरमहा काही रक्कम बाबांच्या खात्यात परत करावी असे माझ्या मनात आहे.

तापीकाठ

करू नका. ते कर्ज म्हणून दिलेले नव्हते, आणि फेडायला लागलात तर ते कर्ज होते हे तुम्हीच मान्य केल्यासारखे होईल. शिवाय बाबा ते पैसे घेणार नाहीत आणि बोलणे मूळ विषयावरून पैशावर घसरेल. घरात कमावता माणूस जसा खर्च उचलतो तसा उचला: विजेचे बिल, वाणसामान, आईच्या औषधांचे पैसे, असेल ते. त्यात फी वसूल झाली की नाही याचा हिशेब नसतो.

लष्करच्या काकू

यात मी सहमत आहे. फक्त वाणसामान तू स्वतः सियागंजातून आण, ओळखीचे व्यापारी आहेत तर जिरे तरी चांगले मिळेल.

स्पष्टवक्ता इंदूर

काकू, एक मुलगी आहे. अकरावीत आहे, जीवशास्त्र घेतले आहे. तिने घेतले की मी घ्यायला लावले, हे तुम्ही विचारण्याआधी सांगतो की मला नक्की आठवत नाही. माझे वरचे मत मी मागे घेतलेले नाही.

सुदामानगरची

आईला सांगितले. काकूंनी लिहिल्याप्रमाणे आधी तिला, एकटीला, आणि वाक्यही दिले. तिचा पहिला प्रश्न ‘मग आता स्थळं पाहायची का?’ हाच होता. मी म्हटले, ते वेगळे, त्याविषयी या घरात या वर्षी बोलायचे नाही. त्यावरून चांगलेच वाजले आणि मीही आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून विचारायला आली, की २बी म्हणजे काय, कोणी विचारले तर सांगता यायला हवे. मी तिला जिऱ्याच्या बिलाची गोष्ट सांगितली. तिला मुनीमाचा राग आला.

झोपेसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भंवरकुआँवरून अजून गेलेले नाही. तो रस्ता घाईने पार करण्याचे काही कारणही सध्या नाही.

बाबांना रविवारी सांगायचे ठरले आहे. आई समोर बसणार आहे, मध्ये बोलणार नाही असे तिने कबूल केले आहे, जे तिला जमेल असे मला वाटत नाही. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी बाबा काय म्हणाले ते मात्र मी इथे कळवणार नाही. निकाल जाहीर करण्याची सवय मला मोडायची आहे, आणि ते बोलणे त्यांचे आणि माझे राहिलेले बरे.